मोहरी २६

१९७५ साली लालबागच्या टेलरमास्तरांनी बेलबॉटम पँटच्या पायाच्या खालच्या घेराचं माप विचारलं, ‘‘मोहरी किती?’’ मी म्हणालो, ‘‘२६ इंच.’’ शेजारच्या खोलीतल्या पोराची २४ होती, एवढंच कारण.

बेलबॉटमचं कापड सगळं गुडघ्याखाली. मांडीला मात्र इतकी चिकटायची, की खिशात दहा पैशांचं नाणं टाकलं तर बाहेरून त्यावरचं साल वाचता यावं. बसताना आधी श्वास आत घ्यायचा, मग देवाचं नाव. त्यात कापड टेरिकॉट. इस्त्री मोडत नाही म्हणून कौतुकाचं, पण मे महिन्यात चिंचपोकळीहून व्ही.टी.ला जाताना आत वाफेवर मोदक होत असत. जन्मभर धोतर नेसलेल्या अण्णांनी पँट उचलून पाहिली आणि म्हणाले, ‘‘एका पायात एक बिऱ्हाड राहील. पागडी किती घेणार?’’

शर्टाची कॉलर कुत्र्याच्या कानासारखी खांद्यापर्यंत, कल्ले जबड्यापर्यंत. अमिताभमुळे केस कानांवर, त्यामुळे आईच्या हाका ऐकू न येण्याची सोय होती. मोहरीनं बूट झाकायचे असा नियम; म्हणजे ती रस्ता झाडणारच. झिजू नये म्हणून मास्तर कडेला आतून अर्धी चेन शिवून द्यायचे. चालताना ती फरशीवर खरखरायची. चाळीत रात्री उशिरा गुपचूप येणं बंदच झालं.

पण खरी परीक्षा पावसात, हिंदमाताला. पाणी पोटरीपर्यंत. अण्णांनी धोतर खोचलं आणि निघाले, बायकांनी निऱ्या उचलल्या. मी एकेका हातात एकेक मोहरी धरली, तेव्हा लक्षात आलं की छत्री धरायला तिसरा हात नाही. ती काखेत मिटून, दोन्ही घेर उचलून, उंच टाचांवर डुलत मी भिजत चाललो होतो. मागून कुणीतरी ओरडलं, ‘‘वहिनी, जपून! पुढे खड्डा आहे.’’

केस खांद्यावर आलेले, त्यामुळे त्याची फार चूक नव्हती. खड्डा मात्र खरंच होता.

पुढे मोहऱ्या आवळल्या आणि माझी पँट आईच्या कात्रीखाली आली. गुडघ्यापासून कापून दोन पिशव्या झाल्या, वर घेरदार, खाली निमुळत्या. एक भाजीची, एक रेशनची. रेशनच्या रांगेत दुकानदार म्हणाला, ‘‘वा, तोंडाला चेनपण आहे!’’

मी म्हटलं, ‘‘आहे, पण बंद होत नाही.’’