एक मत, तेही चुकून

माझ्या उमेदवाराला काल एक मत पडलं. ज्या गृहस्थांनी ते दिलं, त्यांनी हात वर केला होता तो स्वच्छतागृह कुठे आहे हे विचारायला. मला स्वतःला मत देता आलं नाही. हात मोजायचं काम माझ्याकडे होतं आणि मोजणाऱ्याने मत द्यायचं नाही, असा नियम ऐन वेळी निघाला. नियम काढणाऱ्याचा समाचार पुढे घ्यायचाच आहे.

झालं होतं इतकंच. आमच्या फुटबॉल संघाने ओळीने पाच सामने घालवले, मुख्य प्रशिक्षकाला नारळ मिळाला, काल हंगामी प्रशिक्षकाच्या हाताखाली संघ चक्क एका गोलने जिंकला, आणि पावसामुळे स्टेडियमच्या जिन्याखाली अडकलेल्या तीसेक चाहत्यांनी पुढचा प्रशिक्षक नेमून टाकायचं मनावर घेतलं. क्लबच्या संचालकांना याची कल्पना नव्हती. ('हंगामी' हा शब्द मराठीने कोणाला पाहून घडवला कोण जाणे. एक अख्खा हंगामही ज्याच्या नशिबी नाही, तो हंगामी.)

रिंगणात चार जण होते. आपल्याच क्लबचा एक जुना स्ट्रायकर. सध्या घरी बसलेली एक बडी असामी. कालचा हंगामी. आणि माझा माणूस: एका लहान लीगमधल्या गरीब क्लबला तीन वर्षं टेबलाच्या वरच्या निम्म्यात ठेवणारा. त्याचं नाव उच्चारल्यावर जिन्याखालून एकसुरात जो "कोण?" आला, तो रात्रभर कानात होता.

चूक माझीच. मी नावाआधी प्रश्न काढले. म्हटलं, आधी आपल्याकडे माल काय आहे ते बघू. आपले दोन्ही सेंटर-बॅक, म्हणजे मधले बचावपटू, तिशीपलीकडचे, पायात वेग नाही. मैदान 105 मीटरचं. प्रेसिंगवाला, म्हणजे समोरच्याला त्याच्याच अर्ध्यात जाऊन दाबायला लावणारा प्रशिक्षक आणला की तो बचावफळी मध्यरेषेपर्यंत चढवणार, म्हणजे यांच्या पाठीमागे पन्नास मीटर मोकळं कुरण. समोरच्या, कडेने पळणाऱ्या विंगरने एक लांब चेंडू पकडला, की आपले दोघे त्याला पाठीमागून निरोप देणार. दुसरा प्रश्न विंगबॅकचा. तीन सेंटर-बॅकची रचना कागदावर छान दिसते, पण दोन्ही कडांना नव्वद मिनिटं वरखाली पळणारी माणसं लागतात. ती नसताना रचना लादली की काय होतं, हे मँचेस्टर युनायटेडने 2024-25 मध्ये दाखवलं. रूबेन अमोरिम नोव्हेंबरात प्रशिक्षक म्हणून आपली तीन सेंटर-बॅकची 3-4-3 रचना घेऊन आले, आणि हंगाम पंधराव्या क्रमांकावर संपला. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

इथवर दोन-तीन माना हलल्या होत्या, हे मी शपथेवर सांगतो. तेवढ्यात खांबाला टेकलेले, क्लबचा मफलर गळ्याभोवती तीन वेढे घालून बसवलेले एक काका पुढे सरकले.

"ते सगळं ठीक आहे हो," काका म्हणाले, "पण तो उभा राहतो का?"

मला वाटलं, निवडणुकीला उभा राहतो का, असं विचारतायत. म्हटलं, अजून क्लबने विचारलेलं नाही.

"तसं नव्हे. सामना चालू असताना. उभा राहतो की बसतो?"

मी म्हणालो, कधी उभा राहतो, कधी बसतो.

"मग नको." काकांनी माझ्या माणसाची फाइल बंद केली. "गेला तो बसायचा. म्हणून पाच हरलो. कालचा पूर्ण नव्वद मिनिटं उभा होता. मी बघत होतो."

म्हणजे या माणसाने तिकीट काढून नव्वद मिनिटं प्रशिक्षक बघितला होता. गोल कोणी मारला हे त्यांना विचारायची मला फार इच्छा झाली. मी सभ्यपणा दाखवला, आणि तोच नडला.

म्हटलं, काका, उभं राहण्यालाही मर्यादा आहे. बाकांच्या दोन्ही बाजूंना एक-एक मीटर आणि पुढे टचलाइनच्या एक मीटर अलीकडेपर्यंत, एवढाच तो चौकोन. आणि एका वेळी एकाच माणसाने सूचना द्यायच्या, असा नियम आहे. त्यात काय असं मोठं घडणार?

"एक मीटर का होईना," काका म्हणाले, "पण उभ्याने."

मग मी दाखले काढले. व्हॅलेरी लोबानोव्हस्की बाकावर बसून अख्खा सामना मागेपुढे डुलायचे. त्या डुलण्यातून त्यांच्या डायनॅमो कीव्ह क्लबने 1975 मध्ये आणि परत 1986 मध्ये युरोपियन कप विनर्स कप नेला.

"डुलायचे ना?" काका म्हणाले. "मग ते बसणं धरायचं नाही. हालचाल आहे त्यात."

मार्सेलो बिएल्सा घ्या, मी म्हणालो. इंग्लंडच्या लीड्स क्लबचे प्रशिक्षक असताना तर ते बादलीवर बसायचे. आणि त्याच लीड्सला 2020 मध्ये त्यांनी सोळा वर्षांनी प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये, परत नेलं.

काका विचारात पडले. मला वाटलं, अडकले. त्यांनी मफलरचा एक वेढा सोडला, पुन्हा घातला आणि विचारलं, "बादली क्लबची, की स्वतःची?"

या प्रश्नासरशी जिन्याखालची सगळी मंडळी माझ्याकडे वळली. सेंटर-बॅकच्या वयाशी ज्यांना काडीचं देणंघेणं नव्हतं, ते बादलीच्या मालकीसाठी पाऊस विसरले. एकजण म्हणाला, क्लबची असेल तर बसायला हरकत नाही. दुसरा म्हणाला, प्रश्न तत्त्वाचा आहे. पुढची सहा-सात मिनिटं बादलीवर गेली. निळी होती, एवढी माहिती मी पुरवली आणि तेवढ्यापुरता माझा थोडा मान वाढला. बडी असामी बादलीवर बसेल का, यावर तिच्या समर्थकांत फूटही पडली.

मी शेवटचा प्रयत्न म्हणून आन्चेलोत्तींचं नाव घेतलं. च्युइंगगम चघळत, एक भुवई उंचावून सामना बघणारा माणूस, प्रशिक्षक म्हणून युरोपातला सगळ्यात मोठा क्लब करंडक, चॅम्पियन्स लीग, पाच वेळा: 2003, 2007, 2014, 2022, 2024.

"भुवई कोणती?" काकांनी विचारलं.

"डावी," मी म्हणालो. आता स्वतःचाच राग येतो. मी उत्तर दिलं कशाला?

हंगामीवाल्यांचा गट वेगळाच. काल जिंकलो ना, मग त्यालाच कायम करा, प्रश्न मिटला. यांना सरासरी समजवायला जावं तर आपणच वेडे ठरतो. प्रशिक्षकाला काढतात कधी? संघ अगदी गाळात असताना. त्या पाच पराभवांपैकी एकात चेंडू दोनदा खांबाला लागला, एकात आपल्याच बचावपटूच्या पाठीवरून आत गेला. एक्सजी म्हणजे अपेक्षित गोलांचा हिशेब मांडला, तर पाचांतले दोन सामने तरी बरोबरीचे होते. असलं दुर्दैव कायम पुरत नाही, ते आपोआप ओसरतं, मग बाकावर कोणीही बसवा. (किंवा उभा करा.) नेदरलँड्सच्या लीगच्या आकड्यांवर अर्थशास्त्रज्ञांनी काम केलंय. तितकेच घसरलेले, पण प्रशिक्षक न बदललेले संघ त्यांनी शेजारी ठेवून पाहिले. तेही जवळपास तसेच सावरले होते. शिवाय काल समोर टेबलाच्या तळाचा संघ होता, हे मी म्हणालो तेव्हा "तुम्हाला जिंकल्याचा आनंदच नाही" असा शेरा आला. होता हो आनंद. पावणेदोन तास होता.

जुन्या स्ट्रायकरच्या बाजूने युक्तिवाद एकच: त्याने आपल्यासाठी गोल केलेत. केलेत की. मीही नाचलोय त्या गोलांवर. पण गोल न करताही थोर प्रशिक्षक होता येतं. आरिगो साकी बुटांच्या धंद्यातून आले आणि त्यांनी मिलानला 1989 आणि 1990 असा लागोपाठ दोनदा युरोपियन कप (चॅम्पियन्स लीगचंच जुनं नाव) दिला. पुढे बडे प्रशिक्षक झालेले जोझे मोरिन्यो 1992 मध्ये प्रशिक्षक बॉबी रॉब्सन यांचे दुभाषी होते. यावर हमखास उलट उत्तर येतं: मग झिदान? मग ग्वार्दिओला? मग झाबी आलोन्सो? आलं. तिघेही थोर खेळाडू, मान्य. पण आधी झिदान रेआल माद्रिदच्या 'ब' संघाला, म्हणजे कास्तियाला होते, ग्वार्दिओला बार्सिलोना 'ब'ला, आलोन्सो रेआल सोसिएदादच्या 'ब' संघाला. पोरासोरांच्या संघावर, रिकाम्या स्टँडसमोर चुका करून मग वर आले. आलोन्सोंनी ऑक्टोबर 2022 मध्ये जर्मनीतलं लेव्हरकुझेन हातात घेतलं तेव्हा संघ खालून दुसरा होता. 2023-24 मध्ये तोच संघ एकही पराभव न होता जर्मनीची वरची लीग, बुंडेसलिगा, जिंकला, 28 विजय, 6 बरोबरी. आमच्या स्ट्रायकरने निवृत्तीनंतर काय केलं? टीव्हीवर कोट घालून "यांना जिंकायची भूकच नाही" असं सांगितलं. आणि परवान्याचं काय? युरोपात वरच्या लीगमधल्या मुख्य प्रशिक्षकाला युएफा या युरोपीय फुटबॉल संघटनेचा प्रो परवाना लागतो, तो टीव्ही स्टुडिओत मिळत नाही. 2022-23 मध्ये फ्रान्सच्या रँस क्लबने विल स्टिल या तरुणाला परवान्याशिवाय बाकावर ठेवलं, तर प्रत्येक सामन्याला 25,000 युरो दंड भरत होते.

पैशांचा विषय तर कोणाला नकोच होता. प्रशिक्षक एकटा येत नाही. सहायक, गोलरक्षकांचा प्रशिक्षक, फिटनेसवाला, कॉर्नर-फ्रीकिक बघणारा सेट-पीसवाला, व्हिडिओ बघणारा, अशी पाच-सहा जणांची वरात असते आणि प्रत्येकाचा वेगळा करार. गेलेल्याचे उरलेले पगार द्यायचे ते निराळे. नवा दुसऱ्या क्लबशी बांधलेला असेल तर त्याचा रिलीज क्लॉज, म्हणजे करारातून सोडवायची रक्कम, भरा. चेल्सीने 2011 मध्ये आंद्रे व्हियास-बोआस यांच्यासाठी पोर्तोला दीड कोटी युरो मोजले आणि मार्च 2012 मध्ये त्यांना घरी पाठवलं. इतके पैसे गेल्यावर जानेवारीत खेळाडू विकत घ्यायची विंडो उघडेल तेव्हा लेफ्ट-बॅक कशाने आणणार, हा माझा प्रश्न पावसात वाहून गेला.

आणि हंगामाच्या मध्यावर आलेला माणूस शिकवणार कधी? नव्या रचनेला उन्हाळ्यातले पाच-सहा आठवडे लागतात. आता दर तीन-चार दिवसांनी सामना. सामन्यानंतरचा दिवस पाय मोकळे करण्यात आणि बर्फात बसण्यात जातो, सामन्याआधीचा दिवस हलक्या सरावात आणि कॉर्नरच्या उजळणीत. मध्ये उरतो एक दिवस, फार तर दोन. त्यात बावीस जणांना नवीन प्रेसिंग शिकवायचं: कोणी धावायचं, कोणत्या पासवर धावायचं, मागच्याने किती पावलं सरकायचं. एकाने जरी अर्धा सेकंद उशीर केला तरी मधल्या फळीत भगदाड पडतं, आणि मग स्टँडमधून ओरडणारे हेच, जिन्याखालचे.

खरी चीड मला त्याचीच आहे. हे लोक तिसऱ्या महिन्यात त्याच माणसाविरुद्ध घोषणा देणार, मग तो कोणी का असेना. ग्वार्दिओला 2008 मध्ये बार्सिलोनाचे प्रशिक्षक झाले, पहिला लीग सामना नुमान्सियाशी हरले, दुसरा बरोबरीत सोडवला. आमच्या जिन्याने तेव्हाच नारळ दिला असता. तो हंगाम तीन करंडकांवर संपला. फर्ग्युसन मँचेस्टर युनायटेडला नोव्हेंबर 1986 मध्ये आले, पहिला करंडक 1990 मध्ये. रानिएरींनी लेस्टरला 2016 मध्ये प्रीमियर लीग जिंकून दिली आणि फेब्रुवारी 2017 मध्ये त्यांना काढलं. हे सगळं मी बोललो. कोणी ऐकलं नाही, कारण मागे कोणीतरी बडी असामी विमानतळावर दिसल्याची बातमी आणली होती. कोणत्या विमानतळावर? "कुठल्यातरी."

मग मतदान. मोजणाऱ्याने मत द्यायचं नाही, हा नियम अर्थातच मफलरकाकांचा. "निष्पक्षपणा म्हणून," असं वर म्हणाले. माझ्या माणसाच्या वेळी शेवटची हरकतही त्यांचीच: "त्या असल्या लीगमधून कोणी प्रशिक्षक आणतं का?" म्हटलं, आर्सेनलने 1996 मध्ये वेंगर यांना जपानच्या नागोयातून आणलं. पुढे 2003-04 ची अख्खी लीग ते न हरता जिंकले.

"ते उंच होते," काका म्हणाले. "लांबून दिसायचे."

निकाल: हंगामी चौदा, बडी असामी नऊ, स्ट्रायकर सहा, माझा एक. ते एक मत बाद धरावं का, यावरही चर्चा झाली. गृहस्थ तोवर स्वच्छतागृहाकडे गेले होते.

पाऊस कमी झाला, लोक पांगले. मी छत्रीशी झटापट करत होतो, तेवढ्यात काका परत आले. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "तुमचा तो माणूस. उंची किती हो त्याची?"

"सहा फूट दोन इंच," मी म्हणालो. फटकन. मला पाठ होती.

"अहो, मग हे आधी सांगायचं ना!"

मतदान संपून वीस मिनिटं झाली होती.