रोमन छावणीत फक्त शिपाई राहत होते?

रोमन साम्राज्याबद्दल एक मजकूर सध्या बराच फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: प्रांतांतल्या सामान्य माणसांचं काहीच उरलेलं नाही, सरहद्दीवरच्या छावण्यांत इटलीहून धाडलेले पुरुष तेवढे राहत, आणि लिहिता-वाचता यायचं ते वरच्या अधिकाऱ्यांनाच. उत्तर इंग्लंडमधल्या विंदोलांडा या एका किल्ल्यात जे सापडलंय, त्यापुढे यातलं एकही विधान टिकत नाही.

‘काहीच उरलेलं नाही’ हे आधी घेऊ. 1973 साली पुरातत्त्वज्ञ रॉबिन बर्ली यांना तिथल्या ओल्या मातीत शाईने लिहिलेल्या लाकडाच्या पातळ पट्ट्या मिळाल्या. पोस्टकार्डाएवढ्या, जेमतेम एक ते तीन मिलिमीटर जाडीच्या. जुना किल्ला पाडून नवा बांधताना अवशेषांवर चिकणमातीचा थर दाबला जाई. खाली हवा पोचली नाही, म्हणून लाकूड आणि चामडं कुजलं नाही. आजवर अशा 1,700च्या आसपास पट्ट्या मिळाल्या आहेत. एकीत कुणाला तरी मोजे, चपलांचे दोन जोड आणि दोन चड्ड्या पाठवल्याचा उल्लेख आहे. मास्क्लुस नावाचा घोडदळातला अधिकारी कळवतो की माझ्या माणसांकडची बिअर संपली, पाठवायला सांगा. एका हिशेबात गांबाक्सच्या नावावर दोन दिनारांची मिरी मांडली आहे. ही मिरी आपल्या मलबार किनाऱ्यावरून तिथवर गेलेली! आणि फटके खाल्लेला एक व्यापारी दाद मागतो: मी परदेशातला, निरपराध माणूस आहे.

इटलीहून आलेले? या किल्ल्यात बटावियन आणि तुंग्रियन पलटणी होत्या, म्हणजे आजच्या नेदरलँड्स-बेल्जियमकडची माणसं. तुंग्रियन पलटणीची हजेरी सापडली आहे: एकूण 752, त्यांतले 456 बाहेरगावी. उरलेल्या 296 पैकी 31 कामाला निकामी. 15 आजारी, 6 जखमी आणि 10 जणांना डोळ्यांचा त्रास.

‘पुरुष तेवढे’ हे तर जोड्यांनीच खोटं पाडलंय. तिथे 5,000हून जास्त पादत्राणं निघाली, त्यांत बायकांची आहेत, तान्ह्या पोरांचीही आहेत. शिपायाला त्या काळी कायद्याने लग्न करता येत नव्हतं, तरी असे जोडे शिपायांच्या बराकींतही मिळतात. कायदा काय म्हणतो एवढंच वाचून छावणीचं चित्र रंगवलं की अशी चूक होते.

लिहिण्याचं म्हणाल तर पट्ट्यांवर शेकडो वेगवेगळी हस्ताक्षरं आहेत. इ.स. 100च्या सुमारास क्लॉडिया सेवेराने आपल्या मैत्रिणीला, सुल्पिकिया लेपिदिनाला, 11 सप्टेंबरच्या वाढदिवसाचं बोलावणं धाडलं. दोघीही अधिकाऱ्यांच्या बायका. मुख्य मजकूर लेखनिकाच्या सफाईदार अक्षरात आहे, पण शेवटी सेवेराने स्वतःच्या वेड्यावाकड्या अक्षरात भर घातली आहे: बहिणी, तुझी वाट पाहीन. बाईच्या हातचं लॅटिन लिखाण म्हणून जे सर्वांत जुने नमुने माहीत आहेत, त्यांत हा धरला जातो.

सगळ्या प्रांताला लिहिता येत होतं असं मी म्हणत नाही. ही पत्रं लष्कराच्या आसऱ्याने राहणाऱ्यांची आहेत. भोवतालचे ब्रिटन लोक त्यांत दिसतात ते परक्यांच्या नजरेतून; एका टिपणात त्यांच्या लढण्याच्या पद्धतीबद्दल लिहिताना त्यांना हिणवलंच आहे. त्या मजकुराने ही उणीव दाखवली असती तर मी तो स्वतः पुढे पाठवला असता.