मीटर पळतंय म्हणण्याआधी घरात एक चक्कर मारा

सध्या आमच्या नाशिकच्या फॅमिली ग्रुपवर एकच विषय चाललाय, स्मार्ट मीटर, म्हणजे वापराची नोंद आपोआप वीज कंपनीला पाठवणारं विजेचं मीटर. सिडकोतल्या मावशीकडे नवीन मीटर बसलं आणि लाईट बिल वाढलं, इंदिरानगरच्या काकांनी लगेच जुन्या-नव्या बिलाचे फोटो टाकले, मग सगळे सुरू, मीटर पळतंय, बसवूच देऊ नका वगैरे. मी स्टुटगार्टमध्ये बसून हे वाचते. शंका आली तर अर्ज करून मीटर तपासून घ्या, तो आपला हक्कच आहे, पण त्याआधी घरात काय काय जळतंय ते एकदा बघा ना.

देवघरातला झिरोचा बल्ब घ्या. नावातच झिरो, त्यामुळे तो वीज खातच नाही असं घराघरात मानतात. जुना तारेचा झिरोचा बल्ब साधारण १५ वॅटचा असतो, चोवीस तास चालू ठेवला की महिन्याला जवळजवळ ११ युनिट. त्याच होल्डरमध्ये अर्ध्या वॅटचा एलईडी लावा, महिन्याचं अर्धं युनिटसुद्धा होत नाही.

आणि ही युनिटं कुठल्या दराने वाचतात ते तर कोणी बोलतच नाही. आपल्या घरगुती बिलात स्लॅब आहेत, पहिल्या १०० युनिटला एक दर, १०१ ते ३०० ला जवळपास दुप्पट, त्याच्यापुढे अजून वर. म्हणजे महिन्याला दोनशे युनिट जाळणाऱ्या घराने ११ युनिट वाचवली तर ती स्वस्तातली नाही, वरची महागातली वाचतात, वहन आकार, म्हणजे वीज घरापर्यंत पोचवायचे पैसे, धरून एकेक दहा-अकरा रुपयांचं. झिरोच्या बल्बला महिन्याला शंभराच्या वर रुपये जातात, आणि आपण भांडतोय मीटरशी.

ग्रुपवर कोणीतरी हमखास म्हणतं की तुमच्या जर्मनीत लोक शिस्तीचे, म्हणून जमतं. मला हे पटत नाही. इथे युनिट रुपयात पस्तीसच्या वर पडतं, दर महिन्याला अंदाजाने हप्ता कापतात आणि वर्षाचा हिशोब आला की जास्त जाळलेल्याचे पैसे एकदम भरावे लागतात, त्या कागदाची धास्ती असते. फ्लॅट भाड्याने घेतला तर बऱ्याचदा छतातून नुसत्या वायरी लोंबत असतात, दिवे आपले आपण आणायचे, मग माणूस वॅट बघूनच घेतो. डिसेंबरात साडेचारलाच अंधार पडतो, त्यामुळे दिव्यांचा खर्च डोळ्यावर येतो. शिवाय युरोपियन युनियनने २००९ पासून टप्प्याटप्प्याने तारेचे बल्ब बाजारातून काढले आणि २०१८ मध्ये बहुतेक हॅलोजनही बंद केले, दुकानात मिळतच नाही तर शिस्त कसली.

उलट आपण देशभर बंदी न घालता करून दाखवलं. जानेवारी २०१५ मध्ये स्वस्तात एलईडी देणारी केंद्र सरकारची उजाला योजना आली, आधी सरकारी खरेदीत तीनशेच्या वर पडणारा एलईडी बल्ब दोन वर्षांत चाळीसच्या खाली आला आणि देशात ३६ कोटींच्या वर बल्ब वाटले गेले. याचा मला मनापासून अभिमान आहे आणि इथे कोणी विचारलं तर मी सांगते. नाशिकच्या घरात आता ६० वॅटचा पिवळा बल्ब शोधावा लागेल, ९ वॅटचा एलईडी तेवढाच उजेड देतो.

पण बल्ब बदलले आणि आपण तिथेच थांबलो. जुनी ट्यूब अजून असते, ४० वॅटची ट्यूब आणि वर तांब्याच्या चोकचे दहा-बारा वॅट, तिच्या जागी २० वॅटची एलईडी पट्टी पुरते. आणि खरा पैसा पंख्यात आहे. इथे छताला पंखा क्वचितच दिसतो म्हणून इथलं गणित आपल्याला तसंच्या तसं लागू नाही, आपल्याकडे मार्चपासून दिवाळीपर्यंत पंखा बंदच होत नाही. साधा पंखा ७५ वॅटच्या आसपास, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या ब्रशलेस मोटरचा पंखा, ३० च्या आसपास. दिवसाला पंधरा तास धरले तर एका पंख्यामागे महिन्याला २० युनिट वाचतात, तीन पंखे असतील तर साठ, आणि तीही महागड्या स्लॅबमधली! बीएलडीसी घेताना हजार-दीड हजार जास्त मोजावे लागतात हे खरं, पण एका सीझनमध्ये ते निघून येतात. मेन रोडला पंखा घ्यायला गेलात तर रंग आणि पाती नंतर बघा, आधी खोक्यावर वॅट किती लिहिलेत ते बघा.

स्मार्ट मीटरबद्दल लोकांचा राग मला कळतो, न विचारता दारात आलेल्या वस्तूवर विश्वास बसत नाही. पण त्याच मीटरवर सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच वापरलेल्या विजेला सवलत आहे, तेव्हा मोटर आणि वॉशिंग मशीन त्या वेळेत लावा असं ग्रुपवर कोणीच का टाकत नाही?

अडतं ते भाड्याच्या घरात. गंगापूर रोडला मुलं भाड्याने राहतात, बिल ती भरतात आणि पंखे मालकाचे, मालक सगळ्यात स्वस्त पंखा लावून मोकळा. तिथे नुसता उपदेश करून काही होणार नाही. करार करताना भाडेकरूने पंख्याचा विषय काढावा, बीएलडीसीसाठी लागणारे जास्तीचे पैसे अर्धे-अर्धे वाटून घ्यावेत. आमच्या काकांचे दोन फ्लॅट भाड्याने दिलेत, त्यांना मी हेच लिहिलंय, उत्तराची वाट बघतेय.