वस्त्रं कुणाकडं होती?

आमच्या सासवडच्या कट्ट्यावर एक नियम आहे. १८१८ च्या अलीकडचं राजकारण बोलायचं नाही. मागच्या निवडणुकीनंतर आप्पा आणि वकील तीन आठवडे अबोल होते. आप्पांचा दुधाचा रतीब, त्यामुळं वकिलाच्या घरी तीन आठवडे कोरा चहा. तेव्हापासून भांडायचंच असेल तर पेशवाईवर. पुरंदर किल्ला इथून दिसतोच, विषय शोधायला लांब जावं लागत नाही.

परवा सुरुवात आप्पांनीच केली. गल्लीतल्या पाण्याच्या टाकीवरून म्हणाले, "नुसता बारभाई कारभार चाललाय."

"बारभाईंना नावं ठेवू नका," मास्तर लगेच. "त्या लोकांनी दौलत वाचवली."

"वाचवली?" वकील पुढं सरकला. "कायद्यानं बघाल तर ते सरळ सरळ बंडखोर होते. ३० ऑगस्ट १७७३ ला नारायणराव पेशवा मारला गेला, त्यानंतर साताऱ्याच्या छत्रपतींकडून पेशवाईची वस्त्रं, म्हणजे नेमणूकच, कुणाला आली? त्याच्या काकाला, राघोबादादाला. मग दादा पेशवा आणि त्याच्याविरुद्ध उठले ते बंडवाले."

मास्तर तापले. अठरा वर्षांचा पोरगा, शनिवारवाडा, सुमेरसिंग गारदी, आनंदीबाई, 'ध'चा 'मा', सगळं एका दमात. वकिलानं विचारलं, तो कागद कुणी पाहिलाय? त्यावर पाच मिनिटं गेली, ती लिहीत नाही. न्यायाधीश रामशास्त्र्यांनी दादाला तोंडावर दोषी ठरवलं होतं, एवढं मात्र वकिलालाही मान्य करावं लागलं. "पण शास्त्रीबुवा राजीनामा देऊन निघून गेले," तो म्हणाला. "वस्त्रं दादाकडंच राहिली ना?"

मला या सगळ्यात आवडतो तो बंडाचा प्रकार. तलवार उपसून कुणी पुढं आलं नाही. दादा फौज घेऊन स्वारीवर निघालेला, आणि त्याच्या छावणीतून माणसं एकेक करून गळू लागली. कुणाची तब्येत बरी नाही, कुणाला घरचं काम. सखारामबापू बोकील, नाना फडणवीस, त्रिंबकराव पेठे असे सगळे निघून आले. हेच ते बारभाई. इकडं नारायणरावाची बायको गंगाबाई गरोदर. जानेवारी १७७४ मध्ये तिला या समोरच्या गडावर आणून ठेवली आणि तिच्या नावानं कारभार सुरू.

"म्हंजे राजा अजून जन्मला न्हाई आन् राज्य सुरू?" आप्पांनी विचारलं.

"आणि मुलगी झाली असती तर?" वकील. "म्हणूनच गडावर आणखी गरोदर बायका नेऊन ठेवल्यात अशी आवई होती."

"आवईच ती," मास्तर म्हणाले. पण जरा हळू.

बरं, हे फुकटात झालं नाही. मार्चमध्ये पंढरपूरजवळ कासेगावला दादानं उलटा तडाखा दिला, त्यात त्रिंबकराव जखमी होऊन हाती सापडले आणि गेले. बारातला एक तिथंच कमी झाला. १८ एप्रिलला सवाई माधवरावाचा जन्म झाला, तेव्हा गडावर सगळ्यांनी केवढा श्वास सोडला असेल!

त्यानंतर दादा पळत पळत गुजरातेत गेला. इथं आप्पांनी खरा प्रश्न विचारला, "त्याच्या फौजेला पगार कोन देत व्हतं?" कुणीच नाही, हेच उत्तर. पैसे संपले म्हणून तर मार्च १७७५ मध्ये सुरतेला इंग्रजांशी तह. अडीच हजार सैनिक द्यायचे, त्याचे महिन्याला दीड लाख, त्यासाठी सहा लाखांचे दागिने गहाण, वर साष्टी आणि वसई. "घरातल्या भांडणात शेजाऱ्याला बोलवायचं आणि त्याला माजघर लिहून द्यायचं," मास्तर म्हणाले. वकील यावर काही बोलला नाही. त्याचं निम्मं उत्पन्न अशाच भांडणांवर आहे.

मग मी माझं म्हणणं मांडलं. बारभाई एकत्र राहिले ते नानांच्या हुशारीमुळं नाही की त्या बाळामुळंही नाही. राघोबादादा मोकळा होता म्हणून राहिले. बघा ना, १७७६ मध्ये कलकत्त्याच्या इंग्रजांनी मुंबईच्या इंग्रजांचा सुरतेचा तह मोडून बारभाईंशी पुरंदरचा तह केला. दादानं पेन्शन घेऊन कोपरगावला बसायचं असं ठरलं. धोका टळला असं वाटलं, आणि दोनच वर्षांत बारभाईंमध्ये फूट. नानांचा चुलतभाऊ मोरोबा फडणीस उलटला, होळकर तिकडं झुकले, बापूंचंही अंग त्यात होतं. नानांना पुणं सोडून पुरंदर गाठावा लागला. शेवटी महादजी शिंद्यांनी हात दिला म्हणून निभावलं.

"आणि इंग्रज दादाला घेऊन बोरघाट चढले की लगेच होळकर परत आले," मास्तरांनी माझंच वाक्य उचललं. "जानेवारी १७७९. तळेगाव आपणच जाळून ठेवलं, दाणा ना वैरण. जड तोफा तळ्यात टाकून गोरे रातोरात मागं फिरले आणि वडगावला सापडले."

"आन् बापूंचं काय झालं?" आप्पांनी विचारलं. बापू हिवऱ्याचे, म्हणजे आमच्या शेजारचेच. इथं बापूंवर कुणी वाकडं बोललं की आवाज चढतात.

वडगावनंतर दादाशी चाललेली बापूंची पत्रं पुढं आली आणि ते कैदेत पडले. रायगडावर कैदेतच वारले. पेशवाईतल्या साडेतीन शहाण्यांत बापू पूर्ण शहाणे आणि नाना अर्धे, कारण नाना लढाईतले नव्हते. अर्ध्या शहाण्यानं पूर्ण शहाण्याला आत टाकलं, असं म्हणायला छान वाटतं. पण माझ्या मते बापू फितूर नव्हते. त्यांना दोन्ही दारं किलकिली ठेवायची सवय होती, आणि नानांना एकही दार उघडं चालत नव्हतं.

"मग पुढं चार जणांची युती केली ती?" वकिलानं मला पकडलं. "तिथं तर शत्रू समोर होता, तरी फुटली."

फुटली हे खरं. १७८० मध्ये नानांनी म्हैसूरचा हैदर, निजाम आणि नागपूरकर भोसल्यांना इंग्रजांविरुद्ध एकत्र आणलं. हैदर जीव तोडून लढला. निजाम जागचा हलला नाही आणि भोसल्यांना इंग्रजांचा गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जनं पैसे देऊन गप्प केलं. मला उत्तर सुचलं ते इतकंच, की दादा सगळ्यांच्या उंबरठ्यावर होता. इंग्रज तेव्हा निजामाला उंबरठ्यावर वाटत नव्हता. इंग्रजांशी सालबाईचा तह १७८२ च्या मे महिन्यात झाला, पण नानांनी मान्यता लांबवली. डिसेंबरात हैदर वारला, मग फेब्रुवारीत मान्यता. हैदरला दिलेला शब्द पाळला म्हणावं, की वाट बघितली?

"वाट बघितली," आप्पा म्हणाले. "व्यापारी मानूस."

अंधार पडला. मास्तरांनी शेवटचा डाव टाकला. बाळ चाळीस दिवसांचं असताना त्याच साताऱ्याहून त्यालाही पेशवाईची वस्त्रं आली होती, मग बंड कसलं?

वकिलानं स्कूटरला किक मारली. "म्हणजे जानेवारी ते मे बंडच की," तो म्हणाला. "पाच महिने. लिहून घ्या."