अर्ज विचाराधीन, रताळी तयार

आपल्याकडे अनोळखी माणूस भेटला की आधी गाव विचारतात, मग आडनाव, मग चहा सांगतात. ऑस्ट्रेलियातल्या बंडाबर्गच्या हॉस्टेलात गाव-आडनावात कुणाला रस नाही. तिथे विचारतात, ‘कितवा व्हिसा?’ कारण काम करत फिरायचा हा व्हिसा एकेका वर्षाचा, जास्तीत जास्त तीनदा मिळतो. पहिलावाले, दुसरावाले आणि तिसरावाले अशा तिथे सरळ तीन जाती आहेत. पहिलावाल्यांना धुतलेली भांडी कुठे ठेवायची ते माहीत नसतं. दुसरावाल्यांना माहीत असतं, पण ते ठेवत नाहीत. तिसरावाल्यांची भांडी स्वतःची असतात आणि त्यांवर नाव टाकलेलं असतं, आपल्याकडे लग्नात मिळालेल्या डब्यांवर असतं तसंच.

मी सध्या यांतल्या कुठल्याच पंगतीत बसत नाही. माझा पहिला व्हिसा मार्चमध्ये संपला. दुसऱ्याचा अर्ज त्याआधीच गेला आहे आणि त्याचं उत्तर यायचं आहे. मधल्या काळासाठी ऑस्ट्रेलिया सरकार ‘ब्रिजिंग व्हिसा ए’ नावाचा कागद देतं. अर्थ असा, की निर्णय होईपर्यंत राहा, काम करा, आमची हरकत नाही. मात्र त्यावर शेवटची तारीख नसते. आणि जगातला प्रत्येक माणूस मला नेमकी तीच विचारतो.

मुळात इथे येणं हीच लॉटरी होती. भारत आणि ऑस्ट्रेलियाचा व्यापार करार डिसेंबर २०२२ मध्ये लागू झाला. त्यात कापड, दारू, डाळी यांच्याबरोबर आम्हीही होतो: १८ ते ३० वयाच्या भारतीयांना दर वर्षी १,००० ‘वर्क अँड हॉलिडे’ व्हिसा. २०२४ च्या ऑक्टोबरात पहिली सोडत निघाली, नाव घालायची फी २५ डॉलर, आणि पहिल्या पंधरवड्यातच चाळीस हजारांच्या आसपास लोकांनी नावं घातली. आमच्या घरात आजवर म्हाडाची सोडत कुणाला लागली नव्हती. त्यामुळे मला निवड झाल्याचा ईमेल आला तेव्हा आईने आधी विचारलं, ‘कार्पेट किती आहे?’

आणि मग मी आलो आणि रताळी काढू लागलो.

हे घरी सांगणं सोपं नव्हतं. आमचं गाव वाळवा तालुक्यात. घरचा ऊस आहे. मी शेतात जाऊ नये म्हणून मला इंजिनिअरिंगला घातलं, हॉस्टेलची फी भरली, आणि सुट्टीत घरी आलो तरी बांधावर पाय ठेवू दिला नाही. आता त्याच मुलाने नऊ हजार किलोमीटरहून लांब विमानाने जाऊन, पदवीचं प्रमाणपत्र दाखवून (हो, या व्हिसाला बारावीनंतरचं किमान दोन वर्षांचं शिक्षण लागतं), दुसऱ्याच्या शेतात रताळी वेचायची परवानगी मिळवली. बाबा पहिले काही महिने गावात ‘पोरगा ॲग्रो कंपनीत हाय’ असं सांगत होते. ते खोटंही नव्हतं.

कारण दुसरा व्हिसा हवा असेल तर हे करावंच लागतं. शहराबाहेरच्या ठरलेल्या भागांत, ठरलेल्या प्रकारचं, तीन महिन्यांचं काम. म्हणजे किमान ८८ दिवस. पगारपत्रकं दाखवा, बँकेचं स्टेटमेंट दाखवा. बंडाबर्ग हे त्यासाठी नावाजलेलं गाव. बाहेरच्यांना ते रमसाठी माहीत आहे, आम्हाला रताळी, झुकिनी, टोमॅटो आणि मॅकाडेमियासाठी. पहाटे पाचला व्हॅन येते. ट्रॅक्टरमागे यंत्र जमीन उकरत चालतं, पट्ट्यावरून रताळी येतात, आपण दोन्ही बाजूंना उभं राहून चांगली, वाकडी आणि फुटकी वेगळी करायची. आठ तास. वाकडं रताळं सुपरमार्केटला चालत नाही. जेमतेम तुकड्याएवढं रताळं आषाढी एकादशीला देवासमोर चालतं आणि इथे अर्धा किलोचं, जरासं कंबरेत वळलेलं म्हणून बाद, हे पहिले काही दिवस मला बघवत नव्हतं. नंतर मीही त्यांच्याकडे कठोर नजरेने बघायला शिकलो.

माझ्या खोलीत खालच्या बंकवर एक इंग्लंडचा मुलगा आहे. दिवसभर झोपतो, संध्याकाळी एका पबमध्ये ग्लास उचलतो. त्याला मी एकदा सहज विचारलं, तुझे ८८ दिवस कधी करणार? तो म्हणाला, आम्हाला लागत नाहीत. मला वाटलं चेष्टा करतोय. पण खरंच आहे. १ जुलै २०२४ पासून ब्रिटिश पासपोर्टवाल्यांना तिन्ही वर्षं शेतात पाऊल न टाकता मिळतात, शिवाय वयाची मर्यादा ३५. दीडशे वर्षं आमच्याकडे राहिले तेव्हाही यांना कुणी पगारपत्रक मागितलं नव्हतं. मी हे त्याला बोललो नाही. खालच्या बंकवाल्याशी भांडण नको, शिडी त्याच्या बाजूला आहे.

पण सगळ्यात जास्त जळफळाट मला बेडकांचा होतो. केन टोड म्हणतात त्यांना. रात्री हॉस्टेलच्या दिव्याखाली पोट टेकून बसलेले असतात, वाट देत नाहीत. उसातले भुंगे खायला म्हणून १९३५ साली हवाईहून शंभरेक आणून याच क्वीन्सलँड राज्यात गॉर्डनव्हेलला वाढवले आणि त्यांची पिल्लं सोडली. भुंगे त्यांनी खाल्लेच नाहीत, कारण भुंगे उसाच्या शेंड्याशी आणि हे जमिनीवर. ज्या कामासाठी आणलं ते केलं नाही, आणि तरी आज कोट्यवधींच्या संख्येने उत्तर ऑस्ट्रेलियाभर स्थायिक. त्यांचा अर्ज कुणी पाहिला?

माणसांच्या बाबतीत हा देश इतका विसरभोळा नव्हता. १८६३ पासून चाळीस वर्षांत बासष्ट हजारांच्या आसपास माणसं पॅसिफिक बेटांवरून याच राज्यात, मुख्यतः उसाच्या शेतांत राबायला आणली, कित्येकांना फसवून, कित्येकांना उचलून. बंडाबर्गच्या आसपास त्यांनी शेतातले काळे दगड वेचून रचलेल्या भिंती अजून उभ्या आहेत. मग १९०१ मध्ये कायदा केला आणि त्यांतल्या बहुतेकांना परत पाठवायचं ठरवलं. ती भिंत पाहिल्यावर मी माझ्या अर्जाबद्दल एक अख्खा दिवस कुरकुर केली नाही.

दुसऱ्या दिवशी सुरू केली. कारण अर्जाच्या खात्यात रोज सकाळी जाऊन बघायची सवय लागली आहे. तिथे चार पायऱ्या असतात. रिसीव्हड, इनिशियल असेसमेंट, फर्दर असेसमेंट, फायनलाइज्ड. माझा अर्ज ‘रिसीव्हड’वर पाय पसरून बसला आहे. माझ्यानंतर अर्ज केलेल्या एका इटालियनला पास्त्याचं पाणी उकळेपर्यंत व्हिसा आला. त्याने आनंदाने सगळ्यांना पास्ता वाढला. मी दोनदा घेतला, निषेध म्हणून.

या अवस्थेचा खरा त्रास मोठ्या गोष्टींत नाही, तांदळात आहे. सुपरमार्केटमध्ये दहा किलोची पिशवी किलोमागे बरीच स्वस्त पडते. पण दहा किलो संपेपर्यंत मी या देशात असेन का? एक किलो घेतला तर पैसे जास्त जातात आणि शिवाय नशिबाला आपण घाबरलो हे कळतं. दहा किलो घेतला तर नशीब म्हणणार, असं का, बघतोच. मी मांडणीसमोर इतका वेळ उभा राहतो की तिथली कर्मचारी दोनदा येऊन मदत हवी का विचारून गेली. तेच फोनचं. वर्षाचं रिचार्ज की २८ दिवसांचं? तेच जिमचं, गादीवरच्या चादरीचं, शाम्पूचं. केस कापतानासुद्धा बारीक कापू की नको, असा विचार आला, कारण घरी जायची वेळ आलीच तर आईला मी आजारी वाटायला नको. शेवटी पाच किलोचा तांदूळ घेतला. मध्यम मार्ग. त्यात पैसेही वाचत नाहीत आणि धीरही येत नाही.

पॅकिंग शेडच्या ऑफिसात एक बाई आहेत. त्यांना सरकारच्या ‘व्हेवो’ नावाच्या यंत्रणेत प्रत्येकाचा काम करायचा हक्क तपासावा लागतो. बाकीच्यांचा एकदा तपासला की झालं. माझा दर थोड्या दिवसांनी. त्या आत बोलावतात, चष्मा लावतात, पडद्याकडे बघतात, भुवया वर करतात, माझ्या पोटात खड्डा पडतो, मग म्हणतात, ‘नो वरीज, लव्ह.’ अख्ख्या क्वीन्सलँडमध्ये कुणालाच कसली वरी नाही. शेतमालकाला नाही, व्हॅनवाल्याला नाही, या बाईंना नाही. सगळ्यांच्या वाटच्या बहुतेक माझ्याकडे जमा होत असाव्यात, पगारातून कापल्यासारख्या. पगारातून कापतातही. आमच्यासारख्यांचा आयकर पहिल्या डॉलरपासून १५ टक्के. आणि देश सोडताना पेन्शनचे साठलेले पैसे परत मागितले की त्यातले ६५ टक्के सरकार ठेवतं. त्यामुळे व्हिसा नाकारला गेला तर मी निम्माही परत येणार नाही, असा माझा हिशेब आहे.

अशात सुलूताईचं लग्न ठरलं.

सुलूताई माझी चुलत बहीण. तिला सख्खा भाऊ नाही, म्हणजे नवऱ्या मुलाचा कान पिळायचा मान माझा. काकांनी फोनवर तारीख सांगितली आणि ‘तिकीट काढून टाक’ म्हणाले. मी त्यांना समजावलं, की माझा हा कागद देशातून बाहेर पडलो की मरतो, परत येता येत नाही. काका म्हणाले, ‘आरं, मग दोन दिवसांत ये की माघारी, कुणाला कळतंय!’ काकांचा एसटीत मला बारा वर्षं उलटून गेल्यावरही हाफ तिकिटावर प्रवास घडवण्याचा अनुभव दांडगा आहे.

मार्ग आहे, नाही असं नाही. ‘ब्रिजिंग व्हिसा बी’ मागायचा. त्याची फी दोनशे डॉलरच्या जवळपास, आणि प्रवासाचं ठोस कारण लिहून द्यायचं. मी एका रविवारी फॉर्म उघडून बसलो. कारणाच्या रकान्यात ‘कुटुंबातलं लग्न’ लिहिलं. मग मनात आलं, की अधिकाऱ्याला वाटेल, चुलत बहीण म्हणजे लांबची. म्हणून माझी उपस्थिती का आवश्यक ते सविस्तर लिहायला घेतलं. ‘विधीनुसार अर्जदाराने नवरदेवाचा उजवा कान पिळणे आवश्यक असून, त्याबद्दल अर्जदारास कपडे अथवा रोख रक्कम मिळते.’ वाचून बघितलं. एका परदेशी सरकारला मी लेखी कळवत होतो, की मला मारहाण करायला सोडा आणि मी त्याचे पैसे घेणार आहे. फॉर्म बंद केला.

आईला हे सांगितल्यावर ती म्हणाली, ‘मी गुरुजींना विचारते.’ गुरुजी म्हणाले, परदेशयोग उत्तम आहे, पण ‘विलंब दिसतो’. एवढं तर खात्यातही दिसतं, आणि तिथे दक्षिणा एकदाच घेतात.

बाबा इतके दिवस या प्रकरणात काही बोलले नव्हते. परवा रात्री त्यांचा स्वतःहून फोन आला. मला वाटलं, आता लग्नावरून ऐकून घ्यावं लागणार. ते म्हणाले, ‘तिकडं वेल कशी लावत्यात? सरीवर का सपाट?’

‘सरीवर.’

‘पाणी?’

‘ठिबक.’

‘किती दिवसांत निघतंय?’

‘साडेचार-पाच महिने.’

पलीकडे कागदावर काहीतरी लिहिल्याचा आवाज. ‘ऊस काढून अर्ध्या एकरात करून बघावं म्हणतो. दर काय हाय तिथं?’

मी दुकानातला भाव सांगितला. किलोला साडेचार डॉलर, म्हणजे अडीचशे रुपयांच्या वर. मजुरीही सांगितली: देशाचं किमान वेतनच १ जुलै २०२५ पासून तासाला २४.९५ डॉलर.

बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मला वाटलं, रेंज गेली.

‘कान मी पिळतो,’ बाबा म्हणाले. ‘तू जाग्यावरनं हलू नको.’