उपटलेल्या बागेचा फोटो कोणी काढला?

तुमच्या लेखात जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावलच्या बारा शेतकऱ्यांच्या हिरव्यागार केळीबागा दाखवल्यात आणि निष्कर्ष काढलाय की एका औषधाच्या फवारणीनेच केळी हरण्या या विषाणूजन्य रोगातून वाचली. भाऊ, माझ्या बांधाला लागून असलेल्या शेतकऱ्यानेही तेच औषध मारलं होतं. त्याची मृगबाग (पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेली केळी) ऑगस्टमध्ये उपटावी लागली. त्याला कोणी विचारायला आलं नाही. वाचलेल्यांनाच विचारलं तर प्रत्येक औषध रामबाणच ठरेल!

दुसऱ्या महायुद्धात अब्राहम वाल्ड या गणितज्ञाने हीच गोष्ट सांगितली होती: लढाईतून परत आलेल्या विमानांवरची गोळ्यांची भोकं पाहूनच निष्कर्ष काढू नका, पडलेली विमानं तुमच्या हिशेबातच नाहीत.

शिवाय हरण्याचा हा विषाणू मावा ही कीड पसरवते, आणि लागण झालेलं झाड कुठल्याच औषधाने बरं होत नाही. त्या बारा जणांपैकी कितींनी रोगट रोपं लगेच उपटून नष्ट केली, हाच विषाणू ज्यांवर टिकतो ती बागेजवळची काकडी-भोपळ्याची वेलं काढली? लेखात एक ओळ नाही. मग श्रेय फवारणीचं कसं?

पुढच्या लागवडीला एकाच शेतात चार ओळी फवारणीविना ठेवा, बाकी सगळं सारखंच करा, आणि दोन्हीकडची रोगट झाडं मोजून छापा. कर्ज काढून औषध घेणारा माणूस तुमचा लेख वाचून दुकानात जातो.