दोर कापायचे ते गडावर पोचल्यावर

शनिवारी रात्री साडेअकराला मावसबहिणीने एक मेसेज फॉरवर्ड केला. "आयुष्यात अडकलात? ही पाच सत्यं पचवा." खाली तिची स्वतःची ओळ: "दादा, यातलं मला एकही जमत नाही. म्हणजे माझं काही खरं नाही ना?" आठ महिने तिचा प्रबंध अर्धवट पडलाय. हाच मेसेज मला याआधी तीन ग्रुपांवर आला होता, तेव्हा न वाचताच सोडून दिला. आता वाचला आणि डोकं फिरलं.

पहिलं सत्य म्हणे, छोटी पावलं भित्र्यांसाठी; झेप घ्या, परतीचे दोर कापा. अहो, दाखला देता ती गोष्ट तरी नीट आठवा. सूर्याजीने दोर कापले ते मावळे वर चढून गेल्यावर. चढताना त्याच दोराला धरून एकेक पाय रोवत गेले होते. पायथ्याशीच कापला असता तर लढाई दूरच, गडाचा दरवाजाही दिसला नसता. एक मात्र नाइलाजाने मान्य करतो: छोटं पाऊल ही पळवाटही होऊ शकते. नवी वही आणायची, टेबल आवरायचं, रंगीत वेळापत्रक करायचं. बहिणीची अशी तीन वेळापत्रकं झालीत. पण त्यावर उडी मारणं हा उपाय नाही. पाऊल कामात पडतंय की कामाभोवती घिरट्या घालतंय, एवढं बघावं.

दुसरं सगळ्यांत घातक: "आतून पेटल्याशिवाय सुरुवात करू नका." अडकलेल्या माणसाकडे नेमकी तीच गोष्ट नसते. म्हणजे उपाशी माणसाला सांगायचं, आधी पोट भर, मग जेवायला बस. प्रत्यक्षात क्रम बऱ्याचदा उलटा असतो. नैराश्यावर बिहेवियरल ॲक्टिव्हेशन नावाचा उपचार आहे. त्याचं सूत्र असं, की मन तयार होण्याची वाट बघायची नाही; काय करायचं ते आधी ठरवायचं आणि मनःस्थिती कशीही असली तरी ठरल्याप्रमाणे करायचं, पेलेल एवढंच. इंग्लंडमध्ये नैराश्य असलेल्या 440 प्रौढांवर याची चाचणी झाली, निष्कर्ष 2016 साली 'लॅन्सेट'मध्ये आले. विचारांवर काम करणाऱ्या नावाजलेल्या सीबीटी उपचारापेक्षा ही पद्धत कमी पडली नाही. तीही कमी प्रशिक्षणाच्या कर्मचाऱ्यांनी दिलेली! अडकलेला प्रत्येक जण नैराश्यात असतो असं मी म्हणत नाही. पण खरोखर आजारी माणसांना आधी पेटावं लागलं नाही, तर ही अट बाकीच्यांवर कशाला?

तिसरं, 21 दिवस सलग करा, एक दिवस चुकला की पुन्हा शून्य. हा 21 आकडा मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या 1960 मधल्या निरीक्षणावरून आला. रुग्णांना आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान एवढे दिवस लागतात, असं त्यांना दिसलं होतं. 'किमान' वाटेत गळालं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या अभ्यासात सवय मुरायला 18 पासून 254 दिवसांपर्यंत कितीही लागले, आणि एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही.

चौथं, ध्येय जगजाहीर करा. कुणाला मानवतं, कुणाला दडपण येतं. सोडून देतो.

पाचवं, अडकणं म्हणजे आळस. हे लिहिणाऱ्याने आळशी माणूस बघितलेला नाही. आळशी माणूस मजेत झोपतो. ही पोरगी रात्री दोनला छताकडे बघत असते. आणि आठवडेच्या आठवडे झोप, भूक, कशातच रस उरला नसेल तर असले फॉरवर्ड वाचत बसू नये, डॉक्टरांकडे जावं.

तिला म्हटलं, मेसेज डिलीट कर. सकाळी दात घासून झाले की प्रबंधाची फाइल उघड, शेवटचा परिच्छेद वाच, नको वाटलं तर बंद कर. रविवारी तिने उघडली. एक शब्द दोनदा पडला होता, तो खोडला आणि बंद केली. सोमवारी उघडलीच नाही. मंगळवारी दुपारी मेसेज आला: "दादा, एका संदर्भाचा पान क्रमांक चुकलाय. बदलतेय."